आकड्यांमागचा घोडा

शर्यतीच्या पुस्तकात प्रत्येक घोड्याच्या नावाजवळ काही आकडे ओळीने छापलेले असतात. समजा, एकाजवळ १-७-४-२ असं आहे आणि दुसऱ्याजवळ ३-२-१-१. शेवटच्या चार शर्यतींत तो घोडा कितवा आला, एवढंच ते आकडे सांगतात. कोणता आकडा ताजा हे आधी बघून घ्यावं. बहुतेक ठिकाणी उजवीकडचा ताजा असतो. नवखा माणूस आकड्यांवरून नजर फिरवतो, दुसऱ्या घोड्याच्या नावाखाली रेघ मारतो आणि पुस्तक मिटतो. वास्तविक घोड्याच्या साऱ्या नोंदीत सर्वांत कमी कामाची माहिती कोणती, तर हा कितवा नंबर. तो कोणाबरोबर धावला, पाठीवर किती वजन होतं, अंतर किती होतं, जमीन कशी होती आणि पहिल्या घोड्यापासून तो किती मागे राहिला, हे कळल्याशिवाय त्या नंबराला अर्थ येत नाही. आमच्या मालवणीत सांगायचं तर, घोडो कितवो इलो ता मागीर, कोणावांगडा धावलो ता पयला सांग.

मालवणहून कसालकडे जाताना लागणारं कट्टा हे गाव लोकांना माहीत आहे ते बॅ. नाथ पै सेवांगणामुळे. घोड्यांच्या शर्यतींचं मैदान इथून शेकडो किलोमीटर लांब. तरी घोड्यांशी या भागाचा संबंध आला, तो मुंबईतून. मालवण, कुडाळ, कणकवलीकडचे चाकरमानी पिढ्यान् पिढ्या लालबाग-परळच्या गिरण्यांत राबले आणि महालक्ष्मीचं रेसकोर्स त्या वस्तीपासून चालत जाण्याइतकं जवळ. पगाराचे पैसे तिथे घालवून बसलेल्यांच्या गोष्टी कोकणात पुष्कळ घरांत निघतात. त्यामुळे ‘रेस’ हा शब्द आमच्याकडे आवाज खाली करून उच्चारला जातो. त्या भीतीला कारण होतं, ते मी नाकारत नाही. पण त्या भीतीपायी एक चांगली विद्याही आपण दूर ठेवली. घोड्याची नोंद वाचणं ही निरीक्षणाची आणि तर्काची विद्या आहे, आणि खिशातला एक रुपयाही न काढता ती शिकता येते. कट्ट्यात बसलेल्या वाचकाला घोडा दिसत नाही, तबेल्यातल्या कुजबुजी कानावर येत नाहीत, फक्त छापील नोंद हाती पडते. शिकायला ही परिस्थिती मला उत्तम वाटते.

या नोंदींची सुरुवात अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये झाली. जेम्स वेदरबी यांनी १७७३ साली शर्यतींच्या निकालांची वार्षिक पुस्तिका काढायला सुरुवात केली आणि १७९१ साली घोड्यांच्या वंशावळीचं पुस्तक आलं. पुढे १८९४ साली शिकागोत ‘डेली रेसिंग फॉर्म’ हे निव्वळ घोड्यांच्या शर्यतींना वाहिलेलं दैनिक निघालं. मुंबईत शर्यती आधी भायखळ्याला होत. महालक्ष्मीचं मैदान १८८३ सालचं. आज तिथला आणि पुण्याचा कारभार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब पाहतो. जुलैपासून पावसाळाभर आणि त्यानंतर काही आठवडे पुण्यात, मग नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मुंबईत, असा घोड्यांचा वार्षिक फेरा असतो. हा फेरा लक्षात ठेवा, जमिनीबद्दल बोलताना तो लागेल.

नोंद वाचण्याला आपल्याकडे कायद्यानेही वजन दिलं आहे. तमिळनाडू सरकारने १९७४ साली कायदा करून घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजा बंद करायचं ठरवलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डॉ. के. आर. लक्ष्मणन यांच्या याचिकेवर १२ जानेवारी १९९६ रोजी निकाल लागला. घोड्याची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असं न्यायालयाने म्हटलं. घोड्याचा वंश, त्याची तयारी, त्याची आजवरची कामगिरी, जॉकीची हुशारी यांवरून निकालाचा अंदाज बांधता येतो, निव्वळ नशिबावर तो अवलंबून नसतो, हा त्यामागचा विचार. म्हणजे आपण इथे जे शिकतोय, त्याच आधारावर हा खेळ कायद्यात उभा आहे.

आता नोंदीकडे वळू. पहिला प्रश्न सोबतीचा. गावच्या अंडरआर्म क्रिकेट स्पर्धेत पन्नास धावा ठोकणारा आणि रणजी सामन्यात वीस धावा काढणारा यांत कोण मोठा, हे कोकणातल्या पोरालाही विचारावं लागत नाही. घोड्यांत हीच विभागणी वर्गांनी केलेली असते. प्रत्येक घोड्याला हँडिकॅपर नावाचा अधिकारी गुण देतो, त्यांना रेटिंग म्हणतात, आणि गुणांप्रमाणे वर्ग ठरतो. मुंबई-पुण्यात २० ते ४६ गुणांचे घोडे चौथ्या वर्गात, ४० ते ६६ चे तिसऱ्यात, ६० ते ८६ चे दुसऱ्यात, अशी साधारण रचना आहे. वर्ग एकमेकांवर थोडे चढलेले आहेत, हे इथे ध्यानात घ्यावं. ४४ गुणांचा घोडा चौथ्या वर्गात सर्वांत बलवानांत गणला जातो आणि तिसऱ्यात गेला तर सर्वांत दुबळ्यांत. घोडा तोच, गुण तेच, पण चौथ्या वर्गात त्याच्या पाठीवर जवळजवळ सर्वांत जास्त वजन येईल आणि तिसऱ्यात जवळजवळ सर्वांत कमी.

वजनाचं गणित या विद्येचा गाभा आहे. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याला जास्त आणि कमकुवत घोड्याला कमी वजन देतात, म्हणजे सगळे एका रेषेत पोचावेत अशी कल्पना. इंग्लंडमध्ये ॲडमिरल राउस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही पद्धत शास्त्रशुद्ध केली. आपल्याकडे एक गुण म्हणजे अर्धा किलो. २० आणि ४६ गुणांत २६ चा फरक, म्हणजे पाठीवर तेरा किलोंचा फरक. जॉकी हलका असेल तर खोगिराखालच्या कापडात शिशाचे तुकडे घालून वजन पुरं करतात, आणि शर्यतीआधी व नंतर जॉकीला खोगिरासह काट्यावर उभं राहावं लागतं. शिकाऊ जॉकी असेल तर काही किलोंची सूट मिळते. ती छापील वजनातून वजा करायला लोक विसरतात.

किती किलोंनी घोडा किती मागे पडतो? याला ठोकताळा आहे. घोड्यांतलं अंतर ‘लेंग्थ’मध्ये मोजतात; एक लेंग्थ म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंतची घोड्याची लांबी, सुमारे २.४ मीटर. १००० मीटरच्या शर्यतीत सव्वा ते दीड किलो म्हणजे एक लेंग्थ धरतात, १६०० मीटरला पाऊण ते एक किलो, आणि अंतर वाढेल तसं वजन अधिक जाचतं. साडेचारशे-पाचशे किलोंच्या जनावराला दोन-तीन किलोंनी काय होतं, असं वाटणं साहजिक आहे. पण मिनिटाला हजार मीटर धावणाऱ्या घोड्याचा हिशोब करून पाहा. सेकंदाला तो १६ मीटरांहून जास्त जातो, म्हणजे एका सेकंदात सुमारे सात लेंग्थ. मानेएवढ्या अंतराने, ज्याला ‘नेक’ म्हणतात, शर्यत हरलेला घोडा सेकंदाच्या पंचविसाव्या भागाहूनही कमी वेळाने हरलेला असतो. इतक्या बारीक मापात दीड किलो पुष्कळ होतो.

म्हणूनच नंबरापेक्षा मागे राहिल्याचं अंतर बघावं. बारा घोड्यांत सातवा, पण पहिल्यापासून तीन लेंग्थवर, ही चांगली धाव आहे. पाच घोड्यांत तिसरा, पण बारा लेंग्थ मागे, ही वाईट. यातही एक मेख आहे. हरणार हे दिसल्यावर जॉकी घोड्याला उगाच ताणत नाही, त्यामुळे फार मागे पडलेल्याचं अंतर फुगलेलं असतं. आणि सहज जिंकणाऱ्याला शेवटच्या शंभर मीटरांत सैल सोडलेलं असतं, म्हणून त्याच्या विजयाचं अंतर खऱ्याहून कमी दिसतं. नोंदीत ‘सहज जिंकला’ असा शेरा असेल तर तो अंतराहून मोलाचा.

शर्यतीच्या अंतराचा विषय मला सर्वांत आवडता, कारण तिथे घोड्याचं शरीर बोलतं. १००० मीटरचा वेगवान आणि २४०० मीटरचा दमदार, या घोड्यांच्या दोन घडणी आहेत. अनुभवी लोक पूर्वीपासून बाप-आई बघून हे ओळखत. म्हणूनच नोंदीत वंश छापलेला असतो. २०१० साली डब्लिनच्या विद्यापीठात एमेलिन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की स्नायूंची वाढ आवरणाऱ्या मायोस्टॅटिन नावाच्या जनुकाच्या एका फरकावर हे बऱ्याच अंशी ठरतं. आईबाप दोघांकडून एक प्रकार आला तर घोडा कमी अंतराचा, दुसरा आला तर लांब पल्ल्याचा, आणि दोन्हींचं मिश्रण आलं तर मधल्या अंतराचा. तबेल्यातल्या जुन्या जाणत्यांची नजर आणि प्रयोगशाळा इथे एकाच जागी येऊन पोचल्या. नोंद वाचताना विचारायचं ते हे: हा घोडा हरला तेव्हा त्याचं अंतर त्याला मिळालं होतं का?

सुरुवातीच्या दोन घोड्यांकडे आता परत जाऊ. ते काल्पनिक आहेत, पण असे घोडे दर मोसमात दिसतात. पहिला, १-७-४-२. त्याची पूर्ण नोंद अशी: चौथ्या वर्गात १२०० मीटर, दोन लेंग्थने पहिला. जिंकल्यामुळे गुण वाढले आणि तो तिसऱ्या वर्गात गेला. तिथे पुन्हा १२०० मीटर, सातवा, पाच लेंग्थ मागे. मग १४०० मीटर, चौथा, अडीच लेंग्थ मागे. मग १६०० मीटर, दुसरा, फक्त एका नेकने मागे. दुसरा घोडा, ३-२-१-१. चारही शर्यती पाचव्या नाहीतर चौथ्या वर्गातल्या, चारही १००० मीटरच्या, शेवटच्या दोन्ही जिंकल्या त्या अर्ध्या लेंग्थने. आता तो प्रथमच तिसऱ्या वर्गात आला आहे आणि शर्यत आहे १६०० मीटरची. पहिला घोडा बलवानांच्या सोबतीत, अंतर वाढेल तसा सुधारत आला आहे. दुसरा दुबळ्यांत जिंकलाय आणि लांब अंतर त्याने पाहिलेलंच नाही. मी पहिल्यावर विश्वास टाकीन. दुसरा जिंकणारच नाही असं नाही, पण त्याच्या बाजूने नोंदीत काहीही लिहिलेलं नाही.

जमिनीबद्दल. पुण्याचा मोसम पावसात सुरू होतो, मुंबईचा कोरड्या दिवसांत. ओल्या, मऊ गवतावर खूर रुततो, दम जास्त लागतो. काही घोडे तिथेच खुलतात, काहींचं पाऊलच उठत नाही. टर्फ क्लब शर्यतीच्या दिवशी जमिनीचं ‘पेनेट्रोमीटर रीडिंग’ जाहीर करतो. ठराविक वजन ठराविक उंचीवरून टाकल्यावर दांडी जमिनीत किती रुतते, त्याचं ते माप. आकडा मोठा तर जमीन मऊ. पुण्यात ऑगस्टमध्ये शेवटून दुसरा आलेला घोडा डिसेंबरात मुंबईत जिंकला की लोक ‘फ्लूक’ म्हणतात. ऑगस्टचं रीडिंग बघितलं असतं तर नवल वाटलं नसतं.

जमिनीच्या रीडिंगबरोबर ‘फॉल्स रेल’चीही सूचना असते. आतल्या कडेचं गवत वाचवण्यासाठी कुंपण काही मीटर बाहेर सरकवतात, आणि वळणावर घोड्यांना मोठा फेरा पडतो. दोन वेगळ्या दिवसांच्या वेळा एकमेकांशेजारी ठेवून ‘हा जास्त वेगवान’ म्हणणारे इथे फसतात. वेळ ही त्याच दिवशी, त्याच मैदानावर झालेल्या दुसऱ्या शर्यतीशी ताडून पाहावी, तरच ती काही सांगते. शिवाय सगळे जॉकी दबा धरून संथ निघाले तर उत्तम घोड्याचीही वेळ सुमार येते.

बाकीचे तपशील भराभर सांगतो. सुटण्याच्या पेटीचा क्रमांक, म्हणजे ‘ड्रॉ’, वळण जवळ असेल तेव्हा महत्त्वाचा; फार बाहेरून सुटलेल्याला माफी द्यावी. ब्लिंकर, म्हणजे डोळ्यांच्या कडेची झापडं, पहिल्यांदाच लावली असतील तर मागची नोंद थोडी बाजूला ठेवावी, कारण बिचकणारा घोडा त्यांनी एकाग्र होतो. नाल पोलादाचे की ॲल्युमिनियमचे, हेही आपल्याकडे छापतात. भारतात सगळ्या घोड्यांचं वय १ जानेवारीला एका वर्षाने वाढतं. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि एप्रिलमध्ये जन्मलेला दोघेही ‘दोन वर्षांचे’, आणि त्या कोवळ्या वयात तीन-चार महिन्यांचा फरक फार असतो. काही शर्यतींत घोडीला घोड्यांबरोबर धावताना वजनात दीड किलोच्या आसपास सवलत असते. आपल्या पहिल्या इंडियन डर्बीत, १९४३ साली, बडोद्याच्या महाराजांची ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ही घोडीच जिंकली होती. जॉकीच्या नावावर डोळे मिटून पैसे लावणारे मुंबईत नेहमीच होते. पांडू खाडे, वसंत शिंदे, पेसी श्रॉफ ही नावं त्यांच्या तोंडी असायची. माझ्या मते जॉकीकडे घोड्यानंतर बघावं. मात्र साधा जॉकी काढून अव्वल जॉकी बसवला असेल, तर ट्रेनरला त्या दिवशी आशा आहे एवढं त्यातून कळतं.

सकाळच्या सरावाच्या नोंदीही वर्तमानपत्रांत येतात. ‘६००/३९’ म्हणजे ६०० मीटर ३९ सेकंदांत. पुढे शेरा असतो: ‘इझी’, ‘प्रेस्ड’ असा काहीतरी. वर जॉकी होता की हलका सराव-स्वार, तेही लिहिलेलं असतं. सहज ३९ आणि दाबून ३९ यांत फार फरक आहे. दोन-तीन महिन्यांच्या विश्रांतीनंतर येणाऱ्या घोड्याबाबत तर या ओळीखेरीज हाती दुसरं काहीच नसतं.

एवढं सगळं वाचूनही नोंदीत न उतरणारं काहीतरी उरतं, आणि ते जगातल्या सर्वांत प्रसिद्ध घोड्याच्या बाबतीत घडलं. अमेरिकेचा सेक्रेटेरियट एप्रिल १९७३ मध्ये ‘वुड मेमोरियल’ शर्यतीत तिसरा आला. केंटकी डर्बी ही मोठी शर्यत दोन आठवड्यांवर होती. कागदावर बघणाऱ्याला हा घोडा लांब अंतराला कमी पडतो, असं वाटणं साहजिक होतं, आणि अनेक जाणकार तसं म्हणालेही. खरं कारण वेगळं होतं: त्याच्या तोंडात गळू झालं होतं आणि लगाम ओढला की ते दुखत होतं. ५ मे रोजी त्याने केंटकी डर्बी दोन मिनिटांच्या आत जिंकून विक्रम केला, आणि ९ जूनला बेलमाँटमध्ये तब्बल ३१ लेंग्थने जिंकला. ‘तिसरा’ हा आकडा खरा होता. त्यामागचं दुखणं कुठे छापलेलं नव्हतं. चांगल्या घोड्याची एकच वाईट धाव दिसली तर तिच्यावरून निवाडा करू नये, हे मी या उदाहरणावरून पक्कं मानतो. ओळीने तीन वाईट धावा दिसल्या तर मात्र घोडा बदलला आहे असं समजावं.

काही नोंदी वाचायला कसबच लागत नाही. हंगेरीची किंचेम १८७० च्या दशकात ५४ शर्यती धावली आणि चोपन्नही जिंकली. आपला स्क्वाँडरर १९ पैकी १८ जिंकला. रशीद बैरामजी त्याचे ट्रेनर. दुसऱ्या टोकाला जपानची हारू उरारा: ११३ शर्यती, एकही विजय नाही, आणि तरी तिला बघायला मैदान भरायचं. ११३ वेळा सुटण्याच्या पेटीत उभी राहिलेली घोडी धट्टीकट्टी आणि सांभाळलेली असली पाहिजे, हेही तिच्या नोंदीत वाचता येतं. घोड्याचे पाय नाजूक असतात. बरेच घोडे दहा-वीस शर्यतींतच निवृत्त होतात. म्हणून एकूण धावा किती, हा रकाना मी प्रेमाने बघतो.

आणि पैशाचं. नोंद चांगली वाचता आली म्हणून पैसे मिळतात, हा समज मोडणं मी माझं काम मानतो. तुम्हाला दिसलेली नोंद हजारो लोकांनी वाचलेली असते आणि घोड्याचा भाव तिच्याप्रमाणे आधीच उतरलेला असतो. सर्वांत लोकप्रिय घोडा जगभर साधारण तीनांत एकदाच जिंकतो. टोटमध्ये, म्हणजे पैजांच्या एकत्र गल्ल्यात, जमलेल्या रकमेतून क्लबचा वाटा आधीच कापला जातो. त्यावर लावलेल्या रकमेवरच जीएसटी: २०१७ पासून २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. हे गणित कोणत्याही हुशारीला पुरून उरतं. गिरणगावातल्या ज्या घरांत पगार गेला, तिथे माणसं अडाणी होती म्हणून गेला असं नाही. त्यांतले कित्येक घोडा उत्तम वाचत असतील. घोडा वाचणं ही एक गोष्ट आणि त्यावर घर चालवणं ही दुसरी.

ज्यांना शिकायचं आहे त्यांनी असं करावं. मागच्या मोसमाचं एखादं शर्यतीचं पुस्तक मिळवावं, निकाल झाकावा आणि एकच शर्यत घेऊन बसावं. प्रत्येक घोड्यासमोर वहीत वर्ग, वजन, अंतर, मागे राहिल्याच्या लेंग्थ आणि जमीन लिहावी. मग आपला घोडा निवडावा आणि तो का निवडला ते एका वाक्यात लिहून ठेवावं. त्यानंतरच निकाल उघडावा. कारण न लिहिता केलेला अंदाज बरोबर आला, तरी तो मोजू नका.